अपूर्वाच्या लग्नातला फळा

…नाही हो, मला एक सांगा, लग्नघरात काय लागतं? मांडव लागतो, तोरण लागतं, अंगणात मोठी चूल लागते… फळा लागतो का? फळा! अख्खी नोकरी मी फळ्यापुढे काढली, खडूने बोटं झिजली, गणित शिकवून शिकवून घसा गेला, आणि माझ्याच पोरीच्या लग्नात, माझ्याच बैठकीत, सोफ्याच्या वर, फळा! आणि त्या फळ्याने आमच्या घरात जे काय करून ठेवलंय ना, ते आठवलं की अजून… हे बघा, हात बघा माझा, काटा आला की नाही?

तर झालं असं, की आमच्या अपूर्वाचं ठरलं. मुलगा ग्वाल्हेरचा, आल्हाद नाव, गुणी आहे, त्याच्याबद्दल माझं काही म्हणणं नाही. घराणं मात्र जुनं, पूर्वी दरबारात होते म्हणे, आणि विहीणबाई… अहल्याबाई! आता नावच अहल्याबाई म्हटल्यावर कारभार कसा असेल तो तुम्हीच समजा. बोलणी करायला आल्या, सरळ पाठीने बसल्या, अर्धा कप चहा घेतला आणि म्हणाल्या, "सुनंदाबाई, आमची मागणी काही नाही. हुंडा नको, मान नको, पान नको. फक्त वऱ्हाड उतरेल तेव्हा स्टेशनवर घरचं माणूस असावं. आमच्या थोरल्या पुतण्याच्या वेळी कोणी आलं नव्हतं. आम्ही परतीच्या गाडीने परत गेलो."

परत गेलो! असं म्हणाल्या, आणि वर बिस्किट उचललं! त्या मुलीचं पुढे काय झालं, हे विचारायची माझी तर हिंमतच झाली नाही. अपूर्वाकडे बघितलं, तर पोरीचा चेहरा पांढरा फटक. तिला मुलगा आवडला होता हो! मी तेव्हाच मनाशी म्हटलं, सुनंदा, बाकी काही झालं नाही तरी चालेल, स्टेशनवर माणूस गेलाच पाहिजे.

आणि तेवढ्यात पुण्याहून अभिजीत आला. अभिजीत म्हणजे आमच्या जयूवन्संचा मुलगा. जयूवन्सं म्हणजे यांच्या थोरल्या बहीण, इथेच उज्जैनला, नानाखेड्याला राहतात. तर हा अभिजीत पुण्याला कुठल्याशा कारखान्यात लागलाय, नवीनच निघालाय, जपान्यांबरोबर भागीदारी. पंच्याण्णव साल हे, तुम्ही बघताच आहात, जो उठतो तो भागीदारी! आला, बूट काढले आणि मला विचारतो, "मामी, लग्नाची तुमची सिस्टीम काय आहे?"

मी म्हटलं, "सिस्टीम? मी ओरडते, आणि लोक कामं करतात. ही सिस्टीम."

असा हसला, असा हसला! "मामी, आमच्याकडे जपानी लोक आहेत. आवाज नाही कुणाचा. सगळं बोर्डावर!" आणि काढला की हो पिशवीतून थर्माकोलचा हा एवढा मोठा तुकडा! वर निळा कागद, त्यावर तीन रकाने. 'करायचं', 'चालू आहे', 'झालं'. आणि रंगीत चिठ्ठ्या. एका चिठ्ठीवर एक काम, काम हाती घेतलं की चिठ्ठी सरकवायची मधल्या रकान्यात, संपलं की शेवटच्या. हिरव्या चिठ्ठ्या अरविंद भावजींच्या, म्हणजे यांच्या धाकट्या भावाच्या, पिवळ्या माझ्या विनायकदादाच्या, गुलाबी जयूवन्संच्या. मी विचारलं, माझी कुठली? तर म्हणे पांढरी. एकच चिठ्ठी. त्यावर लिहिलं होतं, 'बाकी सर्व'.

आणि आमचे हे! बँकेत आयुष्य गेलं माणसाचं, पण भाच्याने आणलेल्या थर्माकोलसमोर असे उभे, असे उभे… म्हणतात, "सुनंदा, आता खुली अर्थव्यवस्था आलीय. ओरडण्याचे दिवस गेले." मी म्हटलं, बरं बाई, गेले तर गेले. माझा घसा तरी वाचेल.

पहिल्या दिवशी काय ती हौस! गल्लीतल्या बायका रुखवत बघायला आल्या आणि लाडवांची उतरंड सोडून फळ्याकडे. शर्माबाई म्हणते, "दीदी, ये वाला आयटम किसने बनाया? बिलकुल नया है!" तिला वाटलं फळा रुखवतातला! दुसऱ्या दिवशी मी भावजींना विचारलं, "भावजी, बिछायतवाल्याकडे कधी जाणार?" भावजी पलंगावर आडवे, डोळे मिटलेले, तोंडात सुपारी. म्हणतात, "बोर्डावर आहे ना, वहिनी!"

विनायकदादाला विचारलं, "दादा, भैरवगढच्या छापाच्या चादरी आणायच्या होत्या पाहुण्यांसाठी?" दादा पेपरातून मान न काढता, "सुने, बोर्डावर आहे ना!" आमच्या यांना विचारलं, "अहो, भटजींशी बोललात?" तर हे फळ्याकडे बोट दाखवतात, असं, बादशहासारखं. "बोर्डावर आहे ना!"

मला सांगा, कामं बोर्डावर लावल्याने होतात का? मग शाळेत मी फळ्यावर गणित लिहिते ते आपोआप सुटायला पाहिजे! पण बोलणार कुणाला? बोललं की अभिजीत ओठांवर बोट ठेवतो. "मामी, आवाज नाही… चिठ्ठी!"

बरं, हे इथवर ठीक होतं हो. आळस काय, आमच्या घराण्यात नवीन नाही. पण पुढे जयूवन्संनी जे केलं ना, ते जपानमध्ये कुणाच्या बापाला सुचलं नसतं!

त्या बुधवारी वन्सं पहिली पत्रिका ठेवायला चिंतामण गणेशाला गेल्या. आता आपल्याकडचं तुम्हाला माहीतच आहे, तिथे मागच्या भिंतीवर कुंकवाने उलटं स्वस्तिक काढायचं, उलटा सातिया, आणि मागणं मागायचं. मागणं पुरं झालं की परत जाऊन सातिया सुलटा करायचा. वन्सं ते करून आल्या, प्रसाद दिला, पाणी प्यायल्या, आणि फळ्यापुढे उभ्या राहिल्या. मग म्हणाल्या, "अगं सुनंदा, हेही तेच आहे की! इकडे मागायचं, तिकडे झालं म्हणून सांगायचं. मग सातिया का नाही?"

आणि मी हो-नाही म्हणायच्या आत कुंकवाचा करंडा आणून एकेका चिठ्ठीवर उलटा सातिया! बँड ठरवणे, उलटा सातिया. घोडी सांगणे, उलटा सातिया. रसोइया, म्हणजे आचारी महाराज, उलटा सातिया! भटजी ठरवणे, त्याच्यावरसुद्धा! अभिजीत अंघोळीहून बाहेर आला, फळा बघितला आणि टॉवेल धरून तिथेच उभा. "आई… हे… प्रोसेस…" एवढंच बोलला पोरगा. आई म्हणते, "तू गप्प बस. चिंतामणापुढे तुझे जपानी कोण?"

आणि त्या दिवसापासून फळा देव झाला. बिनआंघोळीचा हात लावायचा नाही. चपला घालून समोर जायचं नाही. सोफ्यावर त्याच्याकडे पाठ करून बसायचं नाही, म्हणून सोफा उलटा फिरवला. आता येणारा पाहुणा भिंतीकडे तोंड करून चहा पितोय! आणि सगळ्यात मोठा नियम ऐका. सातिया काढलेली चिठ्ठी काम पुरं फळाला आल्याशिवाय हलवायची नाही. भावजी बँड ठरवून आले, चिठ्ठी काढायला हात वर केला तर वन्सं ओरडल्या, "अरविंदा! नवस फिटायच्या आधी? ठरवला म्हणजे झाला का? वाजला म्हणजे झाला!"

झालं! चिठ्ठी राहिली 'करायचं'मध्ये. संध्याकाळी विनायकदादा आला, बघितलं, चिठ्ठी आहे तिथेच. म्हणाला, अरे, हे अरविंदराव झोपूनच राहिलेत वाटतं. गेला, दुसरा बँड ठरवून आला! घोडीचं तेच. रसोइयाचं तेच. चादरी तर पोत्यांनी आल्या, अजून नव्या कोऱ्या पडल्यात, तुम्हाला हव्या तर घेऊन जा. भटजी मात्र एकच आले, कारण यांनी ते काम खरंच बोर्डावर सोडलं होतं. भटजींचं नशीब, मीच रस्त्यात गाठलं त्यांना, एका हाताने भाजीची पिशवी धरून.

आणि मला यातलं काही म्हणजे काही माहीत नाही हं! मला आपली 'बाकी सर्व'. सीमांतपूजनाच्या दिवशी दुपारी मी अंगणात येऊन बघते तर काय… चुलीपुढे दोन महाराज, एकाच झाऱ्याला धरून! फाटकात दोन बँड, एक लाल कोटवाले, एक निळे. दोन घोड्या, एकमेकींकडे तोंड फिरवून. लाल कोटवाला मास्टर म्हणतो, "मैडम, बुकिंग हमारी है!" निळा म्हणतो, "साब खुद आए थे हमारे यहाँ!" मी तर दाराची चौकटच धरली. माझे होशच उडाले! पण दुपार टळत आली होती, ग्वाल्हेरची गाडी यायची वेळ, आणि माझा जीव त्या एका गोष्टीत अडकलेला. तशीच आत धावले. "स्टेशनवर कोण गेलंय?"

भावजी दाढी करत होते. फेस लावलेल्या तोंडाने, "बोर्डावर आहे ना!"

विनायकदादा हार मोजत होता. "बोर्डावर आहे ना!"

मी फळ्याकडे बघितलं. हिरवी चिठ्ठी, 'वऱ्हाड स्टेशनवरून आणणे'. कुठे? 'झालं'मध्ये! वर कुंकवाचा सातिया, अगदी सुलटा. माझा जीव असा भांड्यात पडला म्हणून सांगू! मनात म्हटलं, भावजींची चिठ्ठी, पण भावजी तर इथेच, म्हणजे दादाने कुणाला पाठवलं असेल. दादाला वाटलं, भावजींनी कुणाला पाठवलं असेल. यांना तर काहीच वाटलं नाही, यांना कधीच काही वाटत नाही. आणि मी चक्क जाऊन ओटीचे नारळ पुसत बसले. मी! गणिताची बाई! पडताळा न करता उत्तर बरोबर मानलं!

तेवढ्यात फोन वाजला.

"सुनंदाबाई?" आवाज शांत. "आम्ही अहल्याबाई बोलतोय. स्टेशनबाहेरच्या बूथवरून. एक विचारायचं होतं. हे उज्जैनच ना? नाही, पाटी तर उज्जैनची दिसतेय. पण ओळखीचा चेहरा एकही नाही, म्हणून म्हटलं आम्ही भलत्याच गावी उतरलो की काय. बरं, परतीची गाडी संध्याकाळी आहे म्हणे. हमाल सांगत होता." आणि फोन ठेवला!

माझ्या हातातला नारळ कुठे गेला, मला माहीत नाही. वळून बघते तर दारात अपूर्वा. हातावर ओली मेंदी, बोटं अशी पसरलेली. सगळं ऐकलं होतं तिने. म्हणाली, "आई… ते परत जातील का गं?" बस, एवढंच. रडलीसुद्धा नाही. अहो, खोटं कशाला सांगू, आयुष्यात इतकी कधी घाबरले नव्हते मी.

"कुणी हलवली ही चिठ्ठी?"

आणि देवघरातून जयूवन्सं, जपमाळ ओढत, "मी हलवली. का गं?"

"का गं? वन्सं, स्टेशनवर कोणी गेलेलं नाही!"

"नसेल गेलं. मी सकाळी चिंतामणाला कौल लावला, वऱ्हाड सुखरूप येऊ दे म्हणून. उजवं फूल पडलं! देवाने हो म्हटलं. आता देवाने हो म्हटल्यावर चिठ्ठी 'करायचं'मध्ये ठेवायची? तो अविश्वास नाही का झाला, सुनंदा?"

अभिजीत भिंतीला टेकून खाली बसला. हे फळ्याकडे बघून राहिले होते, जणू फळाच काहीतरी बोलेल! आणि मग… मग मी ओरडले. अहो, असं ओरडले, असं ओरडले, की फ्रीगंजातली कबुतरं उडाली असतील! "भावजी, तोंड पुसा! दादा, हार उचल! अहो, टोपी घाला! आणि ए बँडवाले! झगडा बंद! दोन्ही चलो! घोड्या पण दोन्ही! स्टेशन!" आणि काय सांगू, अर्ध्या चहाला लागेल तेवढ्या वेळात सगळं घर रस्त्यावर! ही आमची सिस्टीम! भावजींच्या एका गालावर फेस तसाच, पण चालू लागले.

फ्रीगंजच्या पुलावरून आम्ही धावतोय. पुढे लाल कोटवाले एक गाणं वाजवतायत, मागे निळे दुसरंच, इरेला पेटून, मध्ये दोन घोड्या, त्यांच्यामध्ये मी, घरातल्या जुन्या पातळात, वेणी सुटलेली. मनात एकच, पाय धरायचे. विहीणबाईंचे सरळ पाय धरायचे आणि म्हणायचं, माझ्या पोरीला शिक्षा देऊ नका, दोष आमचा आहे.

स्टेशनसमोर येऊन बघते तर ट्रंकेवर अहल्याबाई, पाठ सरळ. भोवती सगळं वऱ्हाड. आल्हाद बिचारा बाजूला उभा, कपाळाचा घाम पुसतोय. विहीणबाईंनी आम्हाला बघितलं. बँडकडे बघितलं. मग दुसऱ्या बँडकडे. मग घोडी. मग दुसरी घोडी. ट्रंकेवरून उठल्या. मी हात जोडून पुढे झाले, तोंड उघडलं, आणि त्या म्हणतात,

"म्हणजे… एवढ्यासाठी वेळ लागला होय?"

मी तोंड तसंच उघडं ठेवलं.

"दोन बँड! दोन घोड्या! अहो सुनंदाबाई, आमच्या सबंध घराण्यात कुणाला दोन बँड लागले नाहीत! आणि आम्ही फोनवर तुम्हाला काहीबाही बोललो…" आणि डोळ्यांना पदर! अहल्याबाईंच्या! मी थक्क! मागून भावजी काहीतरी खरं बोलायला गेले, मी त्यांच्या पायावर पाय दिला, असा दाबून दिला.

"पण दुसरी घोडी कुणासाठी?" विहीणबाईंनी विचारलं. आता आली का पंचाईत! मी इकडे बघते, तिकडे बघते… आणि आमचे व्याहीबुवा, ज्यांच्या तोंडून साखरपुड्यापासून एक शब्द ऐकला नव्हता मी, ते हळूच म्हणतात, "मी बसू का?"

बसले की हो! साठीचा माणूस, डोक्यावर मफलर, घोडीवर! बाप एका घोडीवर, लेक दुसऱ्या घोडीवर, आणि अख्खं फ्रीगंज गच्च्यांवर उभं राहून बघतंय, नवरा नक्की कुठला! शर्माबाई खालून ओरडली, "दीदी, दूल्हे दो हैं क्या?" मला हसावं की रडावं कळेना, मी दोन्ही केलं.

घरी आले सगळे. विहीणबाई बैठकीत आल्या, उलट्या सोफ्यावर बसल्या, आणि समोर काय? फळा! 'झालं'मध्ये चिठ्ठी, 'वऱ्हाड स्टेशनवरून आणणे'. "हे काय?" म्हणाल्या. अभिजीत पुढे झाला, "काकू, ही एक जपानी…" त्याला कोपराने मागे सारून जयूवन्सं म्हणतात, "चिंतामणाचा कौल आहे. सकाळीच सुलटा केला होता मी सातिया. आलात की नाही?"

विहीणबाईंनी चिठ्ठी बघितली. सातिया बघितला. उठल्या, चपला बाहेर काढून आल्या आणि फळ्याला हळदकुंकू वाहिलं! नमस्कार केला! थर्माकोलला!

लग्न झालं. छान झालं. अपूर्वा सुखात आहे, पत्र येतं, त्याबद्दल मी देवाचे लाख उपकार मानते. पण नंतर वन्संना एकटीला गाठून मी म्हटलं, "वन्सं, तुमच्या त्या सुलट्या सातियाने लग्न मोडलं असतं." तर म्हणतात कशा, "एकच बँड असता तर विहीणबाई मानल्या असत्या? आणि दुसरा बँड कुणामुळे आला? मी चिठ्ठी हलू दिली नाही म्हणूनच ना?" मी घरी येऊन कागद-पेन्सिल घेतली. अहो, खोडता येईना हो! गणिताची बाई मी, पण ते खोडताच येईना!

आणि आता? आता तो फळा 'पावतो' म्हणून सगळ्या फ्रीगंजात बोभाटा! दर बुधवारी बैठकीत गर्दी. नारळ काय, दूर्वा काय, चिठ्ठ्या काय! शर्माबाईची मुन्नाच्या बारावीची, कुणाची बदलीची, कुणाची भाडेकरू निघण्याची. मला माझ्याच घरात पाय ठेवायला जागा नाही. परवा पुण्याहून अभिजीतचा फोन, आवाज एकदम खाली. मला वाटलं, आता तरी हा लाजून माफी मागेल. तर म्हणतो, "मामी… माझ्या प्रमोशनची एक चिठ्ठी लावशील? पिवळी चालेल. आणि तेवढा सातिया आईकडून काढून घे, तुझा हात हलतो."

जपानी कंपनीतला माणूस! मग काय करणार? तुम्हीच सांगा, काय करणार! शेवटी काल पहाटे मीसुद्धा आंघोळ केली, धूतवस्त्र नेसले, करंडा घेतला, आणि एक पांढरी चिठ्ठी लावून आले, 'हा फळा बैठकीतून हलवणे'. उलटा सातिया काढला, हात जोडले. आज चहाच्या वेळी यांना म्हटलं, "अहो, तेवढा फळा उतरवा ना आता, मी हात जोडते."

पेपर खाली केला नाही माणसाने. आतूनच म्हणाले,

"बोर्डावर आहे ना!"